मिसुरीच्या काठाने : तहाची जमीन, तेलाची पाइपलाइन

पहिला दिवस : मिनियापोलिस ते बिस्मार्क

डकोटा ॲक्सेस ही कच्च्या तेलाची पाइपलाइन नॉर्थ डकोटाच्या वायव्य कोपऱ्यातील बाकन तेलक्षेत्रातून निघते आणि ११७२ मैल जमिनीखालून जाऊन इलिनॉय राज्यातील पटोका येथे पोहोचते. तिची बहुतेक लांबी खाजगी शेतांखालून जाते. आयोवातील काही शेतकरी सक्तीच्या भूसंपादनाविरुद्ध न्यायालयात गेले होते, पण त्याची फारशी चर्चा झाली नाही. २०१६ साली जगभर गाजला तो मिसुरी नदीवरील ओआही जलाशयाखालून जाणाऱ्या एका लहानशा तुकड्याचा वाद. तो तुकडा, त्याच्या लगेच दक्षिणेला असलेला आणि पाण्याला धोका म्हणून त्याला विरोध करणारा स्टँडिंग रॉक हा सू या मूळनिवासी जमातीचा राखीव प्रदेश आणि उत्तरेकडचा, स्वतःच तेल काढणारा फोर्ट बर्थोल्ड राखीव प्रदेश अशी फेरी आखून आम्ही सप्टेंबरात मिनियापोलिसहून निघालो.

बरोबर काका होते. पाटबंधारे खात्यात त्यांची उमेदवारी उजनीच्या धरणावर झाली आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी भूसंपादनाच्या असंख्य फायली हाताळल्या. त्यामुळे आदिवासींच्या हक्कांविषयी माझ्याकडे असलेली सगळी पुस्तकी सहानुभूती त्यांच्यापुढे रोज तपासून निघणार, याची मला कल्पना होती.

फार्गो ओलांडल्यावर रस्ता सरळ पश्चिमेकडे जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि सूर्यफूल. बिस्मार्कला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. राजधानीची एकोणीस मजली इमारत सपाट प्रदेशात दुरूनच दिसते. त्याच आवारात राज्याचे वारसा संग्रहालय आहे. ते चांगले आहे, पण आमचे लक्ष दुसरीकडे होते. पाइपलाइनच्या सुरुवातीच्या नियोजनात नदी ओलांडण्याची एक पर्यायी आखणी याच शहराच्या सुमारे दहा मैल उत्तरेकडून होती. ती मागे पडली. नदीपात्रे आणि जलाशय ज्यांच्या ताब्यात आहेत त्या आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्स या लष्करी अभियंता-दलाच्या अहवालात त्याची कारणे दिली आहेत. लांबी सुमारे अकरा मैलांनी वाढत होती, घरांपासून ठरलेले अंतर राखणे अवघड होते आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींचे संरक्षित क्षेत्र जवळ येत होते.

मी ही कारणे वाचून दाखवली तेव्हा काका म्हणाले, “यात चूक काय? मीही हेच लिहिले असते. वस्तीच्या पाण्यापासून लांब राहायचे, हा आखणीचा पहिला नियम.” त्यांचे म्हणणे बरोबरच होते. प्रश्न एवढाच की हा नियम उत्तरेकडच्या शहराला लागू झाला आणि दक्षिणेकडच्या वस्तीला झाला नाही. बिस्मार्कची लोकसंख्या बहुतांशी गोरी आहे, हे स्टँडिंग रॉकच्या लोकांनी त्या काळात वारंवार सांगितले. पण बिस्मार्कला त्यासाठी आंदोलन करावे लागले नव्हते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथल्या लोकांचा नकार कोणी मागितलाही नाही, तो गृहीत धरला गेला.

दुसरा दिवस : मँडन आणि १८०६ क्रमांकाचा रस्ता

नदीपलीकडचे मँडन हे मॉर्टन परगण्याचे मुख्य ठिकाण आहे. येथल्याच न्यायालयात मार्च २०२५ मध्ये ज्यूरीने पाइपलाइनविरोधी आंदोलनातील सहभागाबद्दल ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेला पाइपलाइनच्या मालक कंपनीचे, म्हणजे एनर्जी ट्रान्सफरचे, ६६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान भरून देण्यास सांगितले. पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली. हा निकाल बाहेरून आलेल्या संघटनेविरुद्ध होता. स्टँडिंग रॉकच्या अनेकांनी तेव्हा जे म्हटले त्यात तथ्य आहे : जणू हे आंदोलन कोणा दुसऱ्याने चालवले होते, अशी मांडणी त्या खटल्यातून उभी राहिली.

मँडनहून दक्षिणेला जाणारा रस्ता लुईस आणि क्लार्क या संशोधक प्रवाशांच्या परतीच्या प्रवासाच्या वर्षावरून १८०६ या नावाने ओळखला जातो. वाटेत फोर्ट एब्राहम लिंकन लागतो. येथूनच कस्टर हा अमेरिकी लष्करी अधिकारी १८७४ मध्ये सू लोकांच्या ब्लॅक हिल्स डोंगरांत गेला, तिथे सोने सापडल्याची बातमी पसरली, आणि येथूनच तो १८७६ मध्ये सू लोकांविरुद्धच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईला निघाला. किल्ल्याच्या आवारात मँडन लोकांच्या जुन्या गावातील मातीची गोल घरे पुन्हा उभारली आहेत. मार्गदर्शक तरुणी फार आत्मीयतेने माहिती देत होती, मात्र तिच्या सांगण्यात कस्टरचे घर बरेच मोठे आणि सोने बरेच लहान होते.

पुढे टेकड्यांची पिवळी उतरण, उजवीकडे गुरांची कुरणे आणि डावीकडे अधूनमधून दिसणारे पाणी. बॅकवॉटर नावाचा छोटा पूल आला तेव्हा आम्ही गाडी कडेला घेतली. २० नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तापमान गोठणबिंदूखाली असताना पोलिसांनी याच पुलावर आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले होते. त्याआधी ३ सप्टेंबरला येथून जवळच कंपनीच्या खाजगी सुरक्षारक्षकांनी कुत्री सोडली. आदल्याच दिवशी जमातीने त्या पट्ट्यातील दगडी रचना आणि दफनस्थळांची माहिती न्यायालयात सादर केली होती, आणि दुसऱ्या दिवशी, आठवडाअखेरच्या सुट्टीत, बुलडोझर नेमक्या त्या पट्ट्यावर फिरले. राज्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी नंतर पाहणी करून मानवी अवशेष मिळाले नसल्याचे सांगितले. जमातीचे म्हणणे असे की पाहणी आधी, त्यांच्या जाणकारांना बरोबर घेऊन व्हायला हवी होती, कारण जमीन सपाट झाल्यावर दगडांच्या मांडणीचा अर्थ लावता येत नाही.

कॅननबॉल नदी जिथे जलाशयाला मिळते तिथे स्टँडिंग रॉकची उत्तर सीमा आहे. नदीच्या दक्षिणेला, राखीव प्रदेशात, एप्रिल २०१६ मध्ये ला डॉना ब्रेव्ह बुल अलार्ड यांच्या जमिनीवर पहिला तळ पडला. उत्तरेला अभियंता-दलाच्या जागेवर ओसेटी साकोविन हा मोठा तळ होता, जिथे पुढे हजारो लोक जमले. तिथे आज गवताशिवाय काही नाही. २०२१ मध्ये निवर्तलेल्या अलार्डबाई स्वतः जमातीच्या इतिहास-अभ्यासक होत्या. नदीचे नाव ज्या तोफगोळ्यांसारख्या दगडांवरून पडले ते संगमावरच्या भोवऱ्यात घडत असत, आणि अभियंता-दलाने पात्र उपसल्यापासून ते घडणे थांबले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

पाइपलाइन जलाशयाच्या तळाखाली सुमारे नव्वद फूट खोलीवरून जाते आणि राखीव प्रदेशाच्या हद्दीपासून ०.५५ मैलांवर आहे. हा आकडा मी काकांना मुद्दाम सांगितला. तेलगळतीचा बोजा कोणत्या गरीब किंवा अल्पसंख्य वस्तीवर पडेल हे तपासताना अहवालाने ओलांडणीच्या ठिकाणापासून अर्ध्या मैलाचे वर्तुळ धरले होते, म्हणजे सगळा स्टँडिंग रॉक जेमतेम ८० मीटरने वर्तुळाबाहेर राहिला. काका हसले नाहीत. “वर्तुळ किती मोठे काढायचे हे वरून सांगितले जात नाही,” ते म्हणाले, “पण ते काढणाऱ्याला कळते.”

संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स बोझबर्ग यांनी जून २०१७ मध्ये याच त्रुटीवर बोट ठेवले. मात्र त्याच न्यायाधीशांनी सप्टेंबर २०१६ मध्ये काम थांबवण्यास नकार देताना असेही नोंदवले होते की अभियंता-दलाने जमातीशी चर्चा करण्याचे अनेक प्रयत्न केले आणि जमातीने त्यांना पुरेसा प्रतिसाद दिला नाही. कंपनीच्या बाजूने ५५ जमातींबरोबर ३८९ बैठका झाल्याचा आकडा सांगितला जाई. दुसऱ्या बाजूला ३० सप्टेंबर २०१४ च्या बैठकीचे ध्वनिमुद्रण आहे. परवान्याचा अर्ज मार्गी लागण्याच्या पुष्कळ आधी कंपनीचे प्रतिनिधी जमातीच्या मुख्य ठिकाणी, फोर्ट येट्सला, आले होते आणि जमातीचे अध्यक्ष डेव्ह आर्शांबो यांनी अमेरिकेने सू लोकांशी केलेल्या १८५१ आणि १८६८ च्या तहांच्या सीमेतून जाणाऱ्या कोणत्याही पाइपलाइनला आपला विरोध असल्याचे तोंडावर सांगितले होते. नकार वेळेवर, स्पष्ट आणि निवडून आलेल्या प्रमुखाकडून आला होता. त्या नकारानंतरच्या ज्या काही बैठका झाल्या, त्या आखणी कुठे असावी यासाठी नव्हत्या, तर तिच्या तपशिलांसाठी होत्या. अमेरिकेचा कायदा सरकारला जमातीशी विचारविनिमय करायला लावतो. तिची संमती मिळवायला लावत नाही, निदान राखीव प्रदेशाच्या हद्दीबाहेर तरी नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम ३२ याहून पुढे जाते : जमीन, पाणी किंवा खनिजांवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती मिळवण्यासाठी सरकारने सल्लामसलत करावी. २००७ मध्ये १४४ देशांनी बाजूने मत दिले, त्यांत भारतही होता. अमेरिका विरोध करणाऱ्या चार देशांत होती आणि २०१० मध्ये तिने पाठिंबा जाहीर केला, पण कायद्याचे बंधन म्हणून नव्हे.

संध्याकाळी काकांनी आपल्याकडचा विषय काढला. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यातही अनुसूचित क्षेत्रातील भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमयच सांगितला होता. ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अट २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ ने आणली. त्याच वर्षी ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. काकांचे मत असे की खाणीला हे ठीक आहे, कारण खाण एका जागी असते. रस्ता, कालवा आणि पाइपलाइन यांना मात्र शंभर गावे लागतात आणि एकाच्या नकाराने उरलेली नव्याण्णव अडतात. हा आक्षेप किरकोळ नव्हता. मी त्यावर त्या रात्री फक्त एवढेच म्हटले की इथे पर्यायी आखणी होती.

तिसरा दिवस : फोर्ट येट्स

जमातीच्या कारभाराचे ठिकाण असलेले फोर्ट येट्स पाण्याने जवळजवळ वेढलेले आहे. ज्या उभ्या शिळेवरून राखीव प्रदेशाचे नाव पडले ती येथे नदीकाठी चौथऱ्यावर ठेवली आहे. सू लोकांचे प्रसिद्ध नेते सिटिंग बुल यांचे मूळ दफनस्थळही जवळच आहे. १९५३ मध्ये काही लोकांनी त्यांचे अवशेष दक्षिणेला मोब्रिजजवळ नेल्याचा दावा केला, त्यामुळे आता दोन ठिकाणी फलक आहेत आणि दोन्हींकडे लोक जातात.

हा दिवस खरे तर तहांचा होता. १८५१ च्या फोर्ट लॅरामी तहाने सू राष्ट्राचा म्हणून जो प्रदेश मान्य केला त्याची उत्तर सीमा हार्ट नदीपर्यंत, म्हणजे मँडनपर्यंत जाते. आम्ही आदल्या दिवशी ज्या रस्त्याने आलो तो सगळा त्यात मोडतो. १८६८ च्या तहाचे बारावे कलम तर इतके स्वच्छ आहे की त्यापुढे आजचे कायदे मुळमुळीत वाटावेत. राखीव प्रदेशाचा कोणताही भाग सोडून द्यायचा असेल, तर जमातीच्या किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांनी त्यावर सही केली पाहिजे, असे ते सांगते. स्त्रियांना त्यात स्थान नाही, ही त्या काळाची मर्यादा. पण संमती कोणाची, किती आणि कशी मोजायची याचे उत्तर एकशे पन्नास वर्षांपूर्वी लिहून दिलेले आहे. सोने सापडल्यावर १८७६ च्या आयोगाला जेमतेम दहा टक्के सह्या मिळाल्या आणि १८७७ मध्ये काँग्रेसने कायदा करून तहातल्या राखीव प्रदेशातले ब्लॅक हिल्स घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती भरपाईयोग्य ठरवून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. सू जमातींनी ती आजवर उचललेली नाही. व्याजासह ती एक अब्जाच्या पलीकडे गेली आहे.

काकांच्या उभ्या नोकरीत भरपाई नाकारणारे एकेकटे शेतकरी त्यांनी पाहिले होते. पिढ्यान्‌पिढ्या अब्ज डॉलर न उचलणारा समाज त्यांना नवा होता. ते बराच वेळ त्याविषयी विचारत राहिले : उचलली तर दावा संपतो का, व्याज कोणाकडे जमा होते, तरुणांचे काय मत आहे. शेवटचा प्रश्न आम्ही कॉलेजजवळच्या कॅफेत एका प्रौढ गृहस्थांना विचारला. गरिबी आहे, मतभेदही आहेत, पण पैसे उचलणे म्हणजे विक्रीखतावर सही करणे होय, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

दुपारी पाण्याच्या काठाकाठाने गेलो. हे सरोवर नैसर्गिक नाही. १९४४ च्या पिक-स्लोन योजनेखाली मिसुरीवर जी मोठी धरणे बांधली गेली त्यांतील ओआही धरण साउथ डकोटात पिअरजवळ आहे आणि त्याचे पाणी इथपर्यंत तुंबते. स्टँडिंग रॉकची सुमारे ५६,००० एकर जमीन त्यात गेली, आणि ती उरलेल्या माळासारखी नव्हती : नदीकाठची गाळाची शेती, सरपणाची झाडी, शिकार, रानफळे आणि औषधी वनस्पती त्या पट्ट्यात होत्या. अनेक कुटुंबांना जानेवारी १९६० च्या कडाक्याच्या थंडीत घरे सोडावी लागली. पाण्याची पातळी उतरली की वठलेल्या झाडांचे बुंधे दिसतात, असे ऐकल्यावर काकांना उन्हाळ्यात उजनीतून वर येणारे पळसदेवचे देऊळ आठवले. “आमच्याकडे पुनर्वसनाचा कायदाच १९७६ ला आला,” ते म्हणाले. “तोवर काम अर्धेअधिक झालेले. लोक काठावर येऊन उभे राहायचे आणि आम्ही पातळी मोजायचो.”

२०१६ चा वाद या पाण्याशिवाय समजत नाही. धरणामुळे काठ अभियंता-दलाच्या ताब्यात गेले, म्हणून जलाशयाखालून पाइप न्यायचा तर वहिवाटीचा हक्क त्या दलाकडूनच घ्यावा लागला आणि जमात अर्जदारही राहिली नाही, मालकही नाही. ती फक्त हरकत घेणारी झाली. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने हा हक्क देण्याचे थांबवले, फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर तो दिला, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून तेल वाहू लागले. मार्च २०२० मध्ये बोझबर्ग यांनी संपूर्ण पर्यावरणीय अहवाल करण्याचा आदेश दिला, जुलैत पाइपलाइन रिकामी करण्यास सांगितले. वरच्या न्यायालयाने रिकामी करण्याचा आदेश अडवला, पण जानेवारी २०२१ मध्ये वहिवाटीचा हक्क रद्द झाल्याचे कायम ठेवले. तेव्हापासून सरकारी जमिनीखालून, परवान्याविना, दिवसाला साडेसात लाख पिंपांची क्षमता असलेली पाइपलाइन चालू राहिली. काकांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. आपल्याकडे याला अतिक्रमण म्हणतात आणि ते झोपडीचे असेल तर महिनाभरात निघते, असे त्यांचे म्हणणे.

चौथा दिवस : गॅरिसन धरण

बिस्मार्कवरून उत्तरेला रिव्हरडेलपर्यंतचा रस्ता कंटाळवाणा आहे. गॅरिसन हे त्याच योजनेतले मातीचे प्रचंड धरण. काकांनी भिंतीचा उतार, सांडवा, दगडी अस्तर हे सगळे डोळे भरून पाहिले, आणि मी त्यांना त्यात व्यत्यय आणला नाही.

या धरणाने मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींच्या फोर्ट बर्थोल्ड प्रदेशातील दीड लाख एकरांहून अधिक जमीन आणि एल्बोवुड्स हे त्यांचे मुख्य गाव बुडवले. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सही होत असताना जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट एका हाताने चेहरा झाकून रडत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. धरणाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. कागदोपत्री ती संमती होती, सहीसुद्धा होती. म्हणूनच ‘पूर्व’ आणि ‘मुक्त’ या दोन अटी संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्यात का घालाव्या लागल्या, हे त्या छायाचित्राकडे पाहून लगेच कळते.

पाचवा दिवस : न्यू टाउन

बुडालेल्या गावांच्या बदली वसलेले न्यू टाउन आज तेलाचे गाव आहे. फोर बेअर्स पूल ओलांडताना टेकड्यांवर जळणाऱ्या वायूच्या ज्वाला दिवसाही दिसतात. बाकनमधील तेलाचा मोठा वाटा याच राखीव प्रदेशातून निघतो. त्यातून जमातीच्या सरकारला कर आणि स्वामित्वधन मिळते, रस्ते आणि दवाखाने होतात. जुलै २०१४ मध्ये मँडारीजवळ एका वाहिनीतून सुमारे दहा लाख गॅलन खारे पाणी गळून ओढ्यात गेले होते, तेही याच व्यवसायाचे फळ.

राखीव प्रदेशाच्या आतील विश्वस्त-जमिनीवरून, म्हणजे संघराज्य सरकार जमातीसाठी किंवा तिच्या सदस्यांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते त्या जमिनीवरून, पाइप न्यायचा तर मालकांची संमती कायद्यानेच लागते. त्यामुळे १९५३ पासूनच्या एका पाइपलाइनच्या कराराची मुदत २०१३ मध्ये संपल्यावरही तेल वाहत राहिले, तेव्हा संघराज्य सरकारच्या इंडियन व्यवहार खात्याने २०२० मध्ये त्याला अतिक्रमण ठरवून १८ कोटी डॉलरांहून अधिक रकमेची मागणी कंपनीकडे केली. तो वाद पुढे बराच लांबला. स्टँडिंग रॉकला हद्दीबाहेरच्या अर्ध्या मैलावर जे मिळाले नाही, ते इथे हद्दीच्या आत निदान मागता तरी येते.

काकांनी इथे आपला मुद्दा पुन्हा काढला आणि या वेळी तो अधिक धारदार होता. फोर्ट बर्थोल्डचे अर्ध्याहून अधिक तेल डकोटा ॲक्सेसमधूनच जाते. २०२१ मध्ये ती बंद करण्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला, तेव्हा या तीन जमातींचे अध्यक्ष मार्क फॉक्स यांनी बंदीमुळे आपल्या लोकांचे मोठे नुकसान होईल, असे कळवले होते. “मग कोणाची संमती मोजायची?” काका म्हणाले. “एक आदिवासी राष्ट्र हो म्हणते, दुसरे नाही.”

माझ्या मते यात दिसतो तेवढा विरोध नाही. २०१६ मध्ये याच तीन जमातींनी स्टँडिंग रॉकला पाठिंबा दिला होता. आणि त्याच सुमारास, गॅरिसन धरणाच्या, म्हणजे आपल्या साकाकवीआ जलाशयाखालून जाणाऱ्या दुसऱ्या एका पाइपलाइनला जमातीची परवानगी घेतलेली नाही म्हणून त्यांनी काम थांबवण्याचा आदेश काढला, तो संघराज्य न्यायालयात टिकला नाही. आपल्या विहिरींतून तेल काढावे की नाही हे त्यांनी ठरवले आणि आपल्या पाण्याखालून पाइप जावा की नाही हेही ठरवू पाहिले. स्टँडिंग रॉकने याहून वेगळे काही मागितले नव्हते. फोर्ट बर्थोल्डचे उत्पन्न हे पाइपलाइन कुठून तरी नेण्याचे सबळ कारण आहे; ती कॅननबॉलच्या वरच्या अंगानेच नेण्याचे नाही. नुकसान होत असेल, तर तेही ज्याने नकार ऐकूनही काम पुढे रेटले त्याच्या हिशेबात धरायला हवे, नकार देणाऱ्याच्या नव्हे.

काकांचे पूर्ण समाधान झाले नाही. शंभर गावांपैकी एकाच्या नकाराने काम अडण्याची त्यांची भीती कायम होती, आणि आखणी पक्की होण्याआधी विचारले तर नकार सांभाळून घेण्याजोग्या जागा बहुधा सापडतात, एवढेच त्यांनी मान्य केले. त्यांच्या अनुभवात मात्र जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम चारची, म्हणजे संपादनाची पहिली, नोटीस निघाल्यानंतरच लोकांना विचारले जाई. वॉटफर्ड सिटीच्या दिशेने जाताना तेलाच्या टँकरांची रांग आमच्या पुढे होती. एवढे तेल पाइपने गेले तर रस्ते मोकळे होतील, हे त्यांनी मला दाखवून दिले आणि मी ते नाकारले नाही.